स्कॉटलंडमधील आसवन्यांचे अलंकृत नकाशे

व्हिस्कीच्या आसवन्या दाखविणारे सचित्र नकाशे केवळ शोभेचे मानले जातात. म्हणून त्यांची चिकित्सा सहसा होत नाही. परंतु नकाशातील अलंकारही काही विधान करीतच असतो. ते विधान खरे आहे की नाही, हा टीकेचा विषय होय.

या नकाशांत आसवनीचे चिन्ह म्हणून बहुधा पॅगोडासारखे छप्पर काढतात. वास्तुकार चार्ल्स डॉइग याने १८८९ मध्ये डॅल्युएन येथे योजिलेली ही रचना, मोड आणलेला जव वाळविणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडण्यासाठी होती. आज बहुतेक आसवन्या असा जव तयारच विकत घेतात. स्प्रिंगबँकसारखे अपवाद थोडे. चिन्ह उरले, कार्य लोपले.

रंगांचेही तसेच. आयला बेटाला एकच धुरकट रंग दिला, की दक्षिण किनाऱ्यावरील आर्डबेग, लागावुलिन व लफ्रॉइग यांचा पीटच्या धुराचा स्वाद ईशान्येकडील बुनाहावेनच्याही माथी येतो. वस्तुतः तेथील नित्याची व्हिस्की त्या धुरावाचून बनते. कित्येक नकाशांत ‘बेटे’ हा स्वतंत्र विभागही असतो. २००९ च्या नियमांत तो नाही. स्काय व ऑर्कनी हायलँडमध्येच मोडतात.

यावरून अलंकार वर्ज्य ठरत नाही. स्पे नदीच्या परिसरात आसवन्यांची एवढी दाटी आहे, की तो भाग वेगळ्या चौकटीत मोठा करून काढावा लागतो. ही विकृती प्रामाणिक होय. कारण चौकटच प्रमाण बदलल्याचे सांगते. जेथे भट्टी अद्याप पेटते तेथेच पॅगोडातून धूर निघताना दाखविला, तर शोभा आणि ज्ञान यांत विरोध उरणार नाही.