ख्रिस्तपुराणातील गुरू

मराठीच्या थोरवीच्या चार ओव्या म्हटल्या की फादर थॉमस स्टीफन्स यांचे ऋण फिटले, असा आपला समज दिसतो. १५७९ साली गोव्यात आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे खरे बळ, माझ्या मते, त्यातील अध्यापनात आहे.

ग्रंथारंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो : आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? गुरू रागावत नाही. त्या प्रश्नातूनच कथा उभी राहते. पुढेही श्रोते शंका विचारीत राहतात. युरोपातील लॅटिन विद्येत वाढलेला हा पंडित आधी ओवीचा विद्यार्थी झाला, मग शिक्षक.

उणीवही सांगितली पाहिजे. ती जुनी पुराणे राजसत्तेच्या धाकाने हिरावली गेली होती. हे शल्य ग्रंथ उलगडत नाही. श्रोत्यांचे समाधानही फार लवकर होते.

तरीही तेथे प्रश्नाला स्थान आहे. शिरूर-दौंडच्या आपल्या धर्मशिक्षण वर्गांत आम्ही मुलांकडून पाठ केलेली उत्तरे मागतो, प्रश्न मागत नाही. हा दोष प्रथम माझा. शिवाय इंग्रजी माध्यमातील आपल्या मुलांना मराठी वाचताना अडखळावे लागते. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये हा ग्रंथ देवनागरीत आणला. पालकहो, त्यातील एक प्रसंग घरी मोठ्याने वाचा आणि मुलांना शंका विचारू द्या.