वाघिणीचे पट्टे आणि आमची दुरुस्ती

मंडळी, पडद्यावरचा हा फोटो आमच्याच गटातला आहे. इथून, सक्करदऱ्यातून, उमरेड रोडने पहाटे निघालो, करहांडल्यात शिरलो, आणि वाघीण दिसली ती नेमकी झाडोऱ्यात. उजेड नाही, जिप्सी हललेली, आणि पोटावर आडवी फांदी. मूळ फाइल काळपट, तिरकी. टाकून द्यावी अशीच.

आता सुधारलेला बघा. सुंदर आहे, हे आधी कबूल करू. फाइल रॉ होती म्हणून सावलीतला तपशील परत आला; जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त 256 पायऱ्या असतात, तिथं एवढी ओढाताण केली असती तर डागच उरले असते. तिरकेपणा काढला, कडेचा कचरा छाटला. इथवर आमची काहीच तक्रार नाही. गालाचा पांढरा भाग मात्र पार उडालेला होता. जिथं नोंदच नाही तिथून काय परत आणणार? तिथं करडा रंग भरलाय. नीट पाहिलं की चुन्यासारखा दिसतो.

खरा प्रश्न फांदीचा. ती पुसली, आणि खालची रिकामी जागा सॉफ्टवेअरने पट्ट्यांनी भरली. पट्टे छान आहेत, पण ते या वाघिणीचे नाहीत, कुठल्याच वाघिणीचे नाहीत. पट्टे म्हणजे वाघाच्या बोटांचे ठसे. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले, त्यांत वाघांचे 76,651 फोटो मिळाले, आणि पट्टे जुळवून 2,461 वाघ वेगवेगळे ओळखले गेले.

कुणी म्हणेल, अहो, हा काही गणनेचा फोटो नाही, घरी भिंतीवर लावायचा आहे! बरोबर. पण याच करहांडल्यातला ‘जय’ 2016 मध्ये दिसेनासा झाला. अशा वेळी कुणी ‘मला दिसला’ म्हणून फोटो दाखवला, तर निकाल पट्टेच देणार ना? भिंतीवरचा फोटो मोबाइलवर जातो, तिथून कुठं जातो ते आपल्या हातात राहत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हालाही उशिरा दिसली. मूळ फोटोत वाघीण उजवीकडून डावीकडे चालते, इथं उलट. चित्र आरशासारखं फिरवलंय, का तर डोळ्याला बरं वाटतं. एक ठिपकाही पुसावा लागत नाही, म्हणून हे निरुपद्रवी वाटतं. पण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. डावी कूस उजवी करून दाखवली की तिची नोंद असूनही ती सापडणार नाही. फांदी पुसल्याने काही पट्टे खोटे झाले, इथं सगळी कूसच खोटी झाली.

लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत उजेड, छाटणी, सेन्सरवरची धूळ काढणं चालतं. काही घालणं-काढणं चालत नाही, आणि पुढच्या फेरीत मूळ फाइल मागतात. आम्हाला हा नियम कडक वाटायचा. आता वाटत नाही. फांदी राहू द्यायला हवी होती. झाडोऱ्यातून डोकावणारी वाघीण हाच त्या सकाळचा खरा फोटो होता, आणि आम्ही तिला स्टुडिओत आणून उभं केलं. (हो, ‘आम्ही’. फिरवायची सूचना आमच्यातल्याच एकाची होती.)

आता दोन्ही शेजारी लावतो. मागचे दिवे जरा बंद करा.