नायकानं गड गिळला

गड बांधायचा, फौज उभारायची आणि नायक घेऊन रणात उतरायचं, अशा मध्ययुगीन खेळांचं पीक सध्या जोरात आहे. बहुतेकांत गड मात्र नावापुरता. नायकाची पातळी वाढवत न्या, की तो एकटाच शंभर मुडदे पाडतो.

या रोगाचं मूळ ‘वॉरक्राफ्ट ३’च्या (२००२) यशात आहे. तो स्वतः तोलाचा खेळ होता. फौज फुगली की सोन्याची आवक घटायची. पण त्यातूनच चाहत्यांनी रचलेल्या ‘डोटा’नं बांधकामच काढून टाकलं आणि बाजार नायकामागं धावला. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ म्हणजे थांबायला लावून रत्नं विकायचा धंदा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये २०२२ साली बंगाली, द्रविड, गुर्जर आले, गोंडांचा पत्ता नाही. पुण्यात घडलेला ‘राजी’ (२०२०) देखणा, पण तिथं बांधायला एक वीटही नाही.

‘थ्रोनफॉल’ (२०२४) मात्र मनापासून आवडला. दिवसा राजा घोड्यावरून हिंडतो आणि मोजक्या मोहरांत आपण ठरवायचं: घर, गिरणी की बुरूज? शत्रू कुठून येणार ते आधीच दिसतं, तरी पैसा सगळीकडे पुरत नाही. रात्री राजा एका वेशीवर लढतो तेव्हा दुसरी उघडी पडते. रात्री पडलेलं घर सकाळी उभं राहतं, पण त्या सकाळचं उत्पन्न बुडतं. इथं शौर्यालाही हिशेब चुकत नाही. ‘मॅनर लॉर्ड्स’मध्ये नायकाचा बडेजाव नाही, तरी तो याच कुळातला. आरंभी ओंडके ओढायला एकच बैल, आणि लढाईत माणूस पडला की एका घरचा कामाचा हात गेला. पोळा साजरा करणाऱ्या आपल्या पांढुर्णा-सौंसरला हे समजावून सांगायला नको.

असा हिशेबी खेळ मागितला की उत्तर ठरलेलं असतं: खेळ करमणुकीसाठी, त्यात दाणापाण्याचा जाच कशाला? अहो, गड म्हणजे दाणापाणीच! आपल्या शेजारचा गोंडांचा देवगड बघा: गडावर मोतीटाका, परिसरात बावड्या. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगतं. १६६० साली बाजीप्रभूंनी खिंड लढवली, हे पोरासोरांना पाठ आहे. त्याआधी पन्हाळ्यानं सिद्दी जौहरचा वेढा कित्येक महिने सोसला, तो काय नुसत्या तलवारीवर? तिथल्या अंबारखान्याची तीन प्रचंड कोठारं आजही उभी आहेत. पराक्रमामागं कोठार असतं, हे ज्या खेळाला कळत नाही त्याला इतिहासही कळलेला नाही आणि डावपेचही.

तेव्हा शिवकालावर किंवा गोंडवनावर खेळ करू पाहणाऱ्यांनी आधी टाकं खोदावं, कोठार भरावं. दांडपट्टा मागून फिरवता येईल. तेवढी तयारी नसेल तर गडाचं सोंग सोडावं आणि सरळ मारामारीचा खेळ काढावा.