संगीताचे मासिक कशासाठी वाचावे?

संगीताविषयी लिहिणे आणि ते छापणे हा मुळातच अडचणीचा व्यवहार आहे. कवितेचे मासिक कविताच छापते. चित्रकलेचे मासिक, बरेवाईट का होईना, चित्र छापते. संगीताच्या मासिकाजवळ मात्र त्याची मूळ वस्तूच नसते. स्वर हवेत विरून गेलेला असतो आणि संपादकाच्या हाती शाई व कागद एवढेच उरते. या उणिवेला तो कसा सामोरा जातो, यावरून आम्ही अशा मासिकाची पारख करतो. पुष्कळ संपादक ती उणीव छायाचित्रांनी व विशेषणांनी झाकतात. थोडे असे असतात, की जे वाचकाच्या कानाला आणि गळ्याला काम देतात. आमची आवड या दुसऱ्या जातीच्या मासिकांकडे आहे.

खानदेशातल्या वाचकाला या आवडीचे कारण लवकर उमगेल. मुंबई, पुणे वा मिरजेच्या रसिकाला मासिक म्हणजे मैफलीनंतरचा विडा. जळगावकराला मैफल ऐकायची तर रात्रीची गाडी धरावी लागे आणि धुळेकराला त्याआधी चाळीसगाव गाठावे लागे. हा प्रदेश गाण्याला पारखा होता असे मात्र नव्हे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावात राहिले आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तेथेच मेहबूबखाँकडे घेतले. आज त्या शिष्याच्या नावाने जळगावात संगीत महोत्सव होतो. मेहबूबखाँचे नाव मात्र बहुधा शिष्याच्या चरित्रातूनच कानी पडते. गुरूच्या घरी जाऊन, तो कसा शिकवी हे विचारून कुणी छापले असते, तर त्या नावाला चेहरा आला असता. संगीताचे मासिक हे काम करू शकते. मराठीत ते झालेही आहे.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक तेथूनच निघाले. गुरूने वही लपवून ठेवावी अशा त्या काळात चिजा स्वरलिपीसह छापून कुणाच्याही हाती देणे ही केवढी धिटाई होती, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. १९३१ साली पंडितजी निवर्तले आणि त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. या मंडळाने स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ साली, ‘संगीत कला विहार’ सुरू केले. त्याचे संपादन प्रा. बी. आर. देवधर यांनी दीर्घकाळ सांभाळले. मराठीतील संगीतविषयक मासिकांत आमचे पहिले प्रेम हेच.

मासिक मंडळाचे मुखपत्र असल्याने परीक्षा, संमेलने व मंडळाच्या वार्ता यांना त्यात जागा द्यावीच लागे. ही पाने आम्ही उलटून टाकली असतील, तर ज्यांच्या घरी कुणी ‘मध्यमा’ किंवा ‘विशारद’ला बसले होते त्यांनी तीच आधी वाचली असतील. तक्रार त्याविषयी नाही. खरे धन होते ते गायकांवरील देवधरांच्या लेखांत. हे लेख पुढे ‘थोर संगीतकार’ या ग्रंथात आले आणि त्यांचे इंग्रजी भाषांतरही झाले. देवधर पंडितजींचे शिष्य होते; तरी त्यांनी आपल्या घराण्याची आरती ओवाळली नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून फाटक्या वेशात फिरणाऱ्या आणि लोकांनी वेडसर ठरविलेल्या सिंदेखाँजवळ कोणत्या चिजा आहेत, हे त्यांनी ओळखले, त्या शिकून घेतल्या आणि मग त्या माणसाविषयी लिहिले. ग्वाल्हेरच्या रहिमतखाँना सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी आश्रय दिला होता. व्यसनाने खंगलेला हा थोर गवई गाऊ लागला म्हणजे काय होई, हे देवधर सांगतात तेव्हा व्यसनही लपवीत नाहीत आणि गाणेही उणे करीत नाहीत. आवाजाच्या शास्त्राचा त्यांचा अभ्यास होता. त्यामुळे ‘गोड गळा’ एवढ्यावर त्यांचे भागत नसे. गळा कोठून लागतो, दम कोठे पुरतो, तान कोठे तुटते याकडे ते वाचकाचे लक्ष वळवितात. असा एक लेख वाचून झाल्यावर त्या गवयाची ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकावी. ती निराळी ऐकू येते. आज हाताएवढ्या यंत्रात सगळ्या ध्वनिमुद्रिका मिळतात, म्हणून तर असे लेख अधिकच हवेत. ऐकायला मुबलक झाले. काय ऐकायचे हे सांगणारा मात्र दुर्मीळच राहिला.

हिंदीतील हाथरसच्या ‘संगीत’ मासिकाची गोष्ट निराळी. काका हाथरसी यांनी १९३५ साली सुरू केलेले हे मासिक विशेषांकांसाठी आणि स्वरलिपीसाठी प्रसिद्ध झाले. गुरू न लाभलेल्या गावोगावच्या हौशी माणसांना त्याने मोठा आधार दिला. पंडित भातखंडे यांची लिपी सोपी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली बिंदू, तारासाठी वर बिंदू. समेला फुली आणि खालीला शून्य. शाळेत जाणारे मूल आठवड्यात ती वाचू लागते. पण स्वरलिपी हा गाण्याचा सांगाडा होय. मींड, आंदोलन, दोन स्वरांमधला तो निसरडा प्रवास तिच्यात पुरता उतरत नाही. केवळ छापील चिजांवर वाढलेला गायक ऐकला, की खिळे जुळवून गातो आहे असे वाटते. यासाठीच हाथरसच्या अंकाशेजारी देवधरांचा लेख असावा. एक सांगाडा देतो, दुसरा त्यावर मांस चढवितो.

आता मराठी संगीतलेखनाच्या एका जुन्या दुखण्याविषयी. सत्कार, षष्ट्यब्दी, स्मृतिदिन आणि ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ यांपलीकडे आपले पुष्कळसे लेखन जातच नाही. गवई दुखावेल, संस्था रागावेल, पुढचा अंक कुणाच्या जाहिरातीवर निघायचा, अशा भीतीपोटी निर्णय टाळला जातो. मग वाचकाला सगळेच गवई सारखे थोर दिसू लागतात आणि तो वाचणे सोडतो. जर्मनीत लाइपझिगला १८३४ साली रॉबर्ट शूमान या संगीतकाराने संगीताचे एक नियतकालिक काढले आणि दहा वर्षे चालविले, ते असल्या गुळमुळीतपणाला कंटाळूनच. मायरबेअर हा त्या काळी अवघ्या युरोपला वेड लावणारा संगीतकार. त्याच्या ‘ह्युगेनॉट’ या संगीतिकेत ल्यूथरच्या स्तोत्राची चाल रंगमंचावरच्या तमाशासाठी राबविली गेली, हे शूमानला असह्य झाले. त्याने तिच्यावर कडाडून टीका केली आणि तिच्याशेजारी मेंडेलसोनचे ‘संत पौल’ ठेवून दोहोंची तुलना केली. त्या टीकेत अन्याय नाही असे आम्ही म्हणणार नाही. मायरबेअरला रंगभूमीची जाण मोठी होती. परंतु पवित्र चाल कशासाठी वापरावी, हा प्रश्न शूमानने ज्या तळमळीने मांडला तिला आजही उत्तर द्यावे लागते. याच शूमानने १८५३ साली, स्वतःचे संपादकपद सोडून नऊ वर्षे झाल्यावर, त्याच नियतकालिकात वीस वर्षांच्या ब्राम्स नावाच्या अपरिचित मुलाचे आगमन घोषित केले. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला वजन येते.

एवढे सांगून झाल्यावर आम्हांला पुन्हा जळगावाकडे वळावयाचे आहे. कारण शब्द छापले आणि स्वर छापला नाही म्हणजे काय होते, याचे उदाहरण तेथलेच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गात, आणि घरातल्या लिहित्या हातांनी ते शब्द टिपून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. पुस्तकाचे नाव ‘गाणी’ असले, तरी महाराष्ट्राने ती कविता म्हणून वाचली. पुढे १९६१ सालच्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यांतील रचनांना चाली दिल्या आणि महाराष्ट्राच्या ओठी त्या चाली बसल्या. चाली सुरेख आहेत, याविषयी वाद नाही. पण त्या पवारांच्या आहेत. जात्याच्या घरघरीवर ज्या वळणाने तो शब्द उमटे, ते वळण पुस्तकात नाही. शब्द टिपणाऱ्यांचे ऋण मोठेच आहे. त्यांच्या शेजारी सरगम लिहू शकणारा एखादा गायनमास्तर बसला असता तर, एवढेच मनात येते.

आणि मग आपल्या धर्मग्रामांचा विचार टाळता येत नाही. चर्चच्या संगीताला नियतकालिकांची परंपरा परकी नाही. फ्रान्झ झेवियर व्हिट या जर्मन धर्मगुरूने १८६८ साली ‘मूझिका साक्रा’ हे मासिक काढले. त्याबरोबर गायकवृंदासाठी संगीताच्या पुरवण्या दिल्या जात. लंडनच्या ‘म्युझिकल टाइम्स’नेही १८४४ पासून अंकागणिक एक समूहगीत स्वरांसह देण्याचा प्रघात पाडला, त्याचा पूर्वावतार चालविणारे जोसेफ माइन्झर हे पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू आणि सामान्य जनांना गायला शिकविणारे शिक्षक होते. व्हिटपंथीयांचा सोवळेपणा आम्हांला मानवत नाही. हायडन व मोझार्ट यांच्या मिस्सांनाही त्यांनी उपासनेसाठी अयोग्य ठरविले आणि स्वतः ज्या रचना पुढे केल्या त्यांतील कित्येक निर्दोष आणि निर्जीव होत्या. पण खेड्यातल्या गायकवृंदाला अंक उघडून येत्या रविवारी गाता येईल असे काही हाती मिळे, ही त्यांची सेवा नाकारता येत नाही.

‘निरोप्या’ १९०३ साली केंदळ येथे सुरू झाला. त्याच वर्षी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीतावरील आपले आज्ञापत्र काढले. त्यानंतर साठ वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत मानाचे स्थान द्यावे असे सांगितले. तेव्हापासून मराठीत भक्तिगीते विपुल झाली. पण आमच्या पाहण्यातली गीतपुस्तके शब्दांची आहेत. माथ्यावर फार तर ‘चाल :’ म्हणून दुसऱ्या गीताचे नाव. खरी चाल पेटी वाजविणाऱ्या मास्तरांच्या बोटांत, एखाद्या सिस्टरच्या स्मरणात, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली व पावरी बोलींत गाणाऱ्या बायांच्या गळ्यात. मास्तर गेले की पुढच्या नाताळला तेच शब्द एखाद्या सिनेगीताच्या वळणावर जातात, आणि हा बदल केव्हा झाला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शूमान ज्यासाठी चिडला होता ते आपल्याकडे असे हळूच, विनातक्रार घडते.

त्यासाठी स्वतंत्र मासिक काढावे असे आम्ही सुचवीत नाही. वर्गणीदारांचा अनुभव सर्वांनाच आहे. आहे त्याच त्रैमासिकात चार पाने राखावीत. एका गीताचे शब्द, भातखंडे लिपीत त्याची सरगम, ताल कोणता, कोणाच्या तोंडून घेतले, गाव कोणते. आणि शेजारी, ते गाणाऱ्या माणसाविषयी देवधरांच्या पठडीतला, आरती न ओवाळणारा एक लेख. नव्या गीतसंग्रहाचे परीक्षण करायचे तर चालींचे करावे, कागदाचे व मुखपृष्ठाचे नव्हे. भुसावळच्या गायकवृंदाने ती सरगम पेटीवर वाजवून पाहावी. आणि तिसऱ्या ओळीतला निषाद कोमल नसून शुद्ध आहे, आमच्याकडे आजी तसाच गात असे, असे पत्र नंदुरबारहून आले, तर संपादकांनी ते पुढच्या अंकात सरगमीसह छापावे.