फिरविलेल्या गोष्टी आणि नवे वाचक

औंढा नागनाथाच्या देवळाची गोष्ट हिंगोली जिल्ह्यांतील मुलांना वेगळी शिकवावी लागत नाहीं. नामदेवांना कीर्तनासाठीं देवळाच्या मागें जावयास सांगितलें, ते निमूटपणें मागें जाऊन उभे राहिले, आणि देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलें, ही आख्यायिका नरसीपासून वसमतपर्यंत कोणत्याहि ओसरीवर ऐकावयास मिळते. येथील नंदी नेहमींच्या जागीं कां नाहीं याचें उत्तरहि लोक याच गोष्टीनें देतात. इतिहासाच्या दृष्टीनें या कथेचें काय करावयाचें तें संशोधकांनीं पाहावें. आम्हांस ती आठवली ती निराळ्या कारणानें. जें स्थिर आहे, ज्याची दिशा सर्वांना पाठ आहे, तें एकाएकीं फिरावें यांत बालमनाला एक विशेष आनंद वाटतो. परीकथा व लोककथा खेळकरपणें फिरवून सांगणारीं जीं पुस्तकें अलीकडे नव्या वाचकांसाठीं निघतात, त्यांचा सारा व्यवहार याच आनंदावर चालतो.

गोष्ट फिरविणें ही कांहीं आजची टूम नव्हे. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानें १६९७ मध्यें लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट छापली, तेव्हां लांडग्यानें मुलीला खाल्लें आणि गोष्ट तेथेंच संपली. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहांत शिकारी येतो, लांडग्याचें पोट फाडतो, आणि आजी व नात दोघी जिवंत बाहेर येतात. म्हणजे आपण जिला मूळ गोष्ट म्हणतों तीहि कोणीतरी फिरविलेलीच असते. विसाव्या शतकांत मात्र या फिरविण्याला उघड थट्टेचें रूप आलें. रोआल्ड डाल यांनीं १९८२ मध्यें जुन्या परीकथा खट्याळ पद्यांत उलट्यापालट्या केल्या. जॉन शेस्का यांनीं १९८९ मध्यें तीन डुकरांची गोष्ट लांडग्याच्या तोंडून वदविली. घरें पडलीं तीं पडशाच्या शिंकेनें, असा त्या बिचाऱ्याचा बचाव! मेरी अ‍ॅन होबरमन यांनीं २००४ मध्यें परीकथांचें एक पुस्तक केवळ दोघांनीं मिळून मोठ्यानें वाचावयाचें म्हणून रचिलें. त्यांत एकाच्या ओळी एका रंगांत, दुसऱ्याच्या दुसऱ्या, आणि दोघांनीं एकदम म्हणावयाच्या तिसऱ्या.

या सर्वांहून आमच्या विषयाला जवळचे म्हणजे इटलीचे जान्नी रोदारी. त्यांच्या १९६२ च्या कथासंग्रहांत एक आजोबा लाल टोपीची गोष्ट चुकीची सांगतात. टोपीचा रंगच बदलतात, लांडग्याच्या जागीं भलताच प्राणी आणतात, आणि लेंकरूं प्रत्येक चुकीला त्यांस अडवितें. एवढीच ती गोष्ट. परंतु तींत एक शिक्षणशास्त्र दडलेलें आहे: चूक ओळखावयाची तर बरोबर काय तें आधीं पक्कें ठाऊक असावें लागतें.

आणि येथेंच आपल्याकडील अनेक पुस्तकांचें घोडें अडतें. विडंबन हें उसन्या भांडवलाचें वाङ्मय आहे. केशवकुमारांच्या 'झेंडूचीं फुलें' या १९२५ च्या संग्रहांतील कविता, ज्यानें त्या काळची गंभीर कविता वाचलीच नाहीं त्याला निम्म्यानेंच हंसवितात. पुण्यामुंबईच्या घरांतील मुलाला चित्रपटांमुळें सिंड्रेला ओळखीची असेल. परंतु सेनगांव किंवा कळमनुरी तालुक्यांतील एखाद्या वाडीवरच्या मुलाला काचेचा बूट आणि मध्यरात्रीचे बारा टोले यांचें काय होय? त्याला ती गोष्ट प्रथमच भेटते ती फिरविलेल्या स्वरूपांत. मग थट्टा हीच त्याच्या लेखीं मूळ कथा ठरते, आणि हंसावयाचें कोठें हें त्याला मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहून ठरवावें लागतें. हंसण्याची ही सक्ती आम्हांस उपदेशाच्या सक्तीइतकीच जाचक वाटते.

याचा अर्थ परदेशी गोष्ट आपल्या मुलांना देऊं नये असा नव्हे. 'हिमगौरी आणि सात बुटके' हें नांवच पाहा. ज्या कोणी 'हिमगौरी' हा शब्द प्रथम योजिला त्याचे मराठी बालवाचकांवर उपकार आहेत. परक्या नांवाचा अर्थ त्यांत पुरता उतरला आहे, नाद सुरेख आहे, आणि नवशिक्याला अडविणारें एकहि जोडाक्षर त्यांत नाहीं. (मराठवाड्यांत भाद्रपदांतल्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, त्यामुळें येथील मुलाला तें नांव पुणेरी मुलाइतकें घरचें वाटेल कीं नाहीं हा प्रश्न वेगळा.) याच्या उलट पुष्कळ रूपांतरांची भाषा पाहावी तर पहिल्याच पानावर 'दुष्टप्रवृत्त' आणि 'सौंदर्यसंपन्न' अशीं विशेषणें पहाऱ्यावर उभीं असतात. लेखकाला वाटतें आपण भाषा समृद्ध करीत आहों. मुलाचें बोट मात्र तेथेंच थांबतें.

बोट थांबतें हा येथें मुख्य मुद्दा आहे. नवा वाचक ओळखीचें पुस्तक कसें वाचतो हें ज्यांनीं घरीं पाहिलें असेल त्यांना ठाऊक आहे कीं, तो पुष्कळदां वाचीतच नाहीं. गोष्ट त्याला पाठ असते, चित्र पाहून पान ओळखतो, बोट ओळीवरून फिरवितो आणि तोंडानें घडाघडा म्हणतो. आईला धन्य वाटतें. ही पायरी वाईट नव्हे, किंबहुना तीवांचून पुढील पायरी येत नाहीं. परंतु तेथेंच मुक्काम पडला तर अक्षरांशीं गांठ पडत नाहीं. उलट पक्षीं, सर्वस्वीं अनोळखी मजकूर दिला तर प्रत्येक अक्षर सोडवितां सोडवितां अर्थ हातचा निसटतो. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणींत २००५ पासून मुलांना अक्षर, शब्द, लहान परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनीं मोठ्यानें वाचावयास लावितात. तिचे आंकडे प्रसिद्ध झाले कीं सुशिक्षित घरांत दोन दिवस हळहळ होते आणि तिसऱ्या दिवशीं मुलाच्या हातीं आणखी एक अंकलिपी येते. शब्दापासून गोष्टीपर्यंतची चढण अंकलिपीनें चढवत नाहीं.

फिरविलेली गोष्ट नेमकी या चढणीवर उपयोगी पडते. तिचा नव्वद हिस्से भाग पाठ असतो, त्यामुळें मूल धीटपणें पुढें जातें. आणि दहा हिस्से बदललेला असतो, त्यामुळें ठेंच लागते. पाठांतरानें 'वाघ' म्हणावयाचें तों छापलेलें असतें 'मांजर'. मूल थबकतें, मागें येतें, अक्षरें लावतें आणि खदखदून हंसतें. त्या क्षणीं त्यानें खरोखर वाचलेलें असतें, आणि वाचल्याचें बक्षीस त्याच शब्दांत त्याला मिळालेलें असतें. अशा पुस्तकाची पहिली कसोटी आमच्या मतें हीच होय: थट्टा छापील शब्दांत आहे कीं केवळ चित्रांत वा मोठ्यांच्या शेऱ्यांत? शब्दांत नसेल तर तें पुस्तक करमणुकीला कितीहि चांगलें असो, वाचावयास शिकणाऱ्याच्या उपयोगाचें नाहीं. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकांत भीतिदायक चेटकीण हंसण्याचा विषय झाली. २०१८ मध्यें तें नाटक वैभव मांगले यांना चेटकिणीच्या भूमिकेंत घेऊन पुन्हां रंगभूमीवर आलें तेव्हां नव्या पिढीनेंहि तिला डोक्यावर घेतलें. परंतु तें यश नटाच्या आवाजाचें आणि हालचालीचें आहे. पुस्तकाला तो नट घरच्या माणसांतून उभा करावा लागतो.

घरचें माणूस म्हणजे कोण? येथें मराठवाड्याची स्थिति उर्वरित महाराष्ट्राहून थोडी वेगळी पडते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यांत होता. सरकारदरबारची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, मराठी शाळा विरळ, आणि मुलींच्या शाळा त्याहून विरळ. त्या विरळपणाची सांवली पुढेंहि पुष्कळ वर्षें राहिली. हिंगोली हा परभणीतून वेगळा काढलेला जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला, परंतु तेथील आज्यांचें बालपण जुन्या काळांतलें. ज्यांच्या घरचीं माणसें ऊसतोडीला जातात त्यांच्यांत दिवाळीनंतरचे कित्येक महिने मूल आजीजवळच राहतें. तेव्हां ज्या वयांत मूल वाचावयास शिकतें त्या वयांत त्याचा श्रोता पुष्कळदां असा असतो कीं ज्याला गोष्ट पुरती येते, पण अक्षर येत नाहीं. शिक्षणावर लिहिणारे याला उणीव म्हणतात. आम्हांस ही स्थिति, निदान या एका कामासाठीं, फार सोयीची वाटते.

कारण असें कीं, फिरविलेल्या गोष्टीला जाणता आणि हट्टी श्रोता हवा असतो. भोपळ्यांत बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आजीला तोंडपाठ आहे. नातवानें वाचलें कीं वाघच भोपळ्यांत बसला, तर ती म्हणणारच, "असं नाही रे ते!" आणि नातू पानावर बोट ठेवून म्हणणार, "आजे, असंच लिहिलंय!" या लहानशा भांडणाचें मोल मोठें आहे. गोष्टीचा अधिकार आजीकडे, अक्षराचा अधिकार नातवाकडे. रोदारींच्या आजोबांना लेंकरूं दुरुस्त करीत होतें तें स्मरणाच्या बळावर. येथें तें छापील पानाची साक्ष काढतें. लिहिलेला शब्द बोलणाऱ्याच्या इच्छेनें बदलत नाहीं, ही गोष्ट इतक्या थोडक्यांत शिकविणारा दुसरा पाठ आम्हांस माहीत नाहीं.

शिवाय असें वाचन आपल्या समाजाला नवें नाहीं. श्रावणांत कहाणी वाचावयाची वेळ आली कीं घरांतील नुकत्याच अक्षरओळख झालेल्या मुलीला पुढें बसवीत. भोंवतीं अक्षता घेऊन बसलेल्या बायकांना कहाणी पाठ असे, आणि मुलगी अडखळली कीं चारी बाजूंनीं शब्द येई. कहाणींत तींच वाक्यें फिरून फिरून येतात याचें कारण कथनाची रीत हें असेल; पण नवशिक्या वाचकाला त्याचा आधार किती होई हें ज्यांनीं ती वाचली त्यांनाच ठाऊक. गांवोगांव देवळांत 'हरिविजय', 'शिवलीलामृत' अशा पोथ्या लागतात तेव्हां एकजण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. भजनांत एक पुढें म्हणतो आणि टाळकरी मागें उचलतात. होबरमनबाईंनीं तीन रंगांत छापून साधलें तें नामदेवांच्या प्रांतांत टाळावर चालत आलें आहे. मात्र कहाणी आणि पोथी यांचा शब्द बदलावयाचा नसतो. त्या वाचनांत आदर आहे, थट्टा नाहीं. म्हणून देवळाच्या गोष्टीपेक्षां चिमणीकावळ्याच्या, कोल्ह्यालांडग्याच्या आणि भोपळ्याच्या गोष्टीच फिरवावयास घ्याव्या. तेथें कोणाचें मन दुखावत नाहीं. दुखावलेंच तर कावळ्याचें.

या गोष्टींकडे आमच्या लेखकांनीं पुरेसें पाहिलें आहे काय? प्रथम बुक्स संस्थेनें २०१५ मध्यें 'स्टोरीवीव्हर' सुरू केल्यापासून पायरीपायरीनें वाचावयाच्या मराठी गोष्टी कोणालाहि विनामूल्य मिळूं लागल्या, हें मोठें काम झालें. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतील घरगुती, बोलती मराठी हा तर आदर्शच आहे. तिच्या तोडीची फिरविलेली लोककथा मात्र क्वचित् हातीं लागते. चिमणीकावळ्याची गोष्ट घेऊन लिहिणारे बहुधा तिचा धडा करून टाकतात: कावळा आळशी, चिमणी उद्योगी, आणि शेवटीं स्वच्छतेचा संदेश. वास्तविक या गोष्टीची बांधणी नव्या वाचकासाठींच घडविल्यासारखी आहे. पावसानें शेणाचें घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो. आंतून चिमणी एकेक सबब सांगते, बाळाला न्हाऊं घालावयाचें, पुसावयाचें, अंगडें घालावयाचें, तीट लावावयाची, निजवावयाचें. वाक्य तेंच, बदलतो तो एकच शब्द. दुसऱ्या सबबीपाशीं मुलाला सांचा सांपडतो, तिसरीपासून तें स्वतः वाचूं लागतें.

आतां ही गोष्ट मराठवाड्याच्या हवेंत ठेवून पाहावी. येथें पावसापेक्षां उन्हाचा जाच अधिक. वैशाखांत मेणाचें घर कसें टिकावें? तें पाघळणार. आणि शेणानें लिंपलेलें घर किती थंड असतें हें कळमनुरीच्या मुलाला सांगावयास नको. तेव्हां भरदुपारीं चिमणी बाळाला पंखाखालीं घेऊन कावळ्याच्या दाराशीं येते आणि दार ठोठावते. एवढें एक पालटलें कीं सारी गोष्ट फिरते, मूळ सांचा तसाच राहतो, आणि आजीला "असं नाही" म्हणावयाची पूर्ण सोय होते. कोणी चांगल्या हातानें हें लिहिलें पाहिजे, मोठ्या ठशांत, चिमणीच्या ओळी एका शाईंत आणि कावळ्याच्या दुसरींत. आणि मूल कावळा होईल तेव्हां आजीला चिमणीच्या ओळी पाहून नव्हे, ऐकून म्हणतां येतील इतक्या त्या सोप्या असाव्या. भाषा पुस्तकी ठेवावी कीं परभणी-हिंगोलीकडची, हा वाद त्यावेळीं निघेलच. आमचें मत असें कीं कथन सर्वसाधारण मराठींत असावें आणि पक्ष्यांनीं मात्र येथल्यासारखें बोलावें. ज्यांच्या घरीं गोरमाटी किंवा दुसरी एखादी बोली आहे त्यांनीं वाचतांना एखादा शब्द आपला घातला तरी बिघडत नाहीं.

राहतो एक प्रश्न: कावळ्यानें दार केव्हां उघडावें? सज्जन पालक म्हणतील, ताबडतोब. अपकाराची फेड उपकारानें. परंतु मग गोष्ट दुसऱ्याच पानावर संपते आणि मुलाला वाचावयास कांहींच उरत नाहीं. म्हणून कावळ्यानें आंतून चिमणीच्याच साऱ्या सबबी, एकहि न गाळतां, पाळीपाळीनें सांगाव्या. त्याला तर बाळहि नाहीं! तेव्हां न्हाऊं कोणाला घालतो, तीट कोणाला लावतो आणि निजवितो कोणाला, हें त्या त्या पानावर मुलानेंच वाचून काढावें.