टोपणनावाचा आसरा : यांग यांच्या ग्रंथातील एक उणीव

गुओबिन यांग यांचा ‘द पॉवर ऑफ द इंटरनेट इन चायना’ हा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. इंटरनेट म्हणजे एक तर मुक्तीचे साधन, नाही तर पाळत, असे सोपे समीकरण यांग नाकारतात. विडंबन, शब्दखेळ, टोपणनावे यांतूनही नागरिकांचा राजकीय सहभाग घडतो, हे त्यांचे प्रतिपादन पटण्याजोगे आहे. २००३ मध्ये ग्वांगझू येथे तात्पुरता निवास परवाना जवळ नसल्याने ताब्यात घेतलेल्या सुन झिगांग या तरुणाचा कोठडीत मारहाणीने मृत्यू झाला. वृत्तपत्रातील ती बातमी इंटरनेटवर देशभर गेली आणि त्याच वर्षी ती जाचक नियमावली रद्द झाली.

शासन, बाजारपेठ व नागरी संस्था या घटकांची यांग कसून तपासणी करतात. शेजार हा घटक मात्र गौण राहतो. भारतीय वाचकाला नेमकी हीच उणीव जाणवते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. दुसरीने त्याला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. त्याआधीच एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली होती. खाते स्वतःच्या नावाचे, नावामागे घर, घरामागे दवाखाना. जमावाला पत्ता शोधावा लागला नाही. (काकांनी तर काहीच लिहिले नव्हते!) बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाईसारख्या गावात टोपणनाव घेतले, तरी माणूस किती दिवस लपणार?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदविले जात असल्याबद्दल २०२१ मध्ये न्यायालयाला आश्चर्य व्यक्त करावे लागले. कायदा गेल्याने पोलिसांची सवय जात नाही. जमावाला तर कलमाची गरजच नव्हती.

चीनमध्येही टोपणनावाचा आसरा पुढे आटत गेला. २०१२ च्या अखेरीस खऱ्या ओळखीची नोंद बंधनकारक करणारा निर्णय झाला, तर २०२२ पासून वेइबोवर लिहिणाऱ्याचा प्रांतही दिसू लागला. यांग यांच्या ग्रंथानंतरच्या या घडामोडींचा दोष त्यांच्यावर ठेवता येत नाही. परंतु हा ग्रंथ वर्गात लावताना पालघरचे प्रकरण सोबत ठेवावे. ‘आपले मत लिहा’ असे विद्यार्थिनीला सांगणाऱ्या प्राध्यापकाने ती कोणत्या गल्लीत राहते, हेही विचारात घेतलेले बरे.