बिल्डुंग्सरोमान : एका संज्ञेची अर्धी उसनवारी

इंग्रजी समीक्षेने जर्मन भाषेतून ज्या संज्ञा जशाच्या तशा उचलल्या, त्यांत 'बिल्डुंग्सरोमान' ही फार वापरली गेलेली आणि फार थोडी तपासली गेलेली संज्ञा होय. नायकाला बालपणापासून तारुण्यापर्यंत नेणारी कोणतीही कादंबरी हाती आली, की तिला हे नाव देऊन समीक्षक मोकळा होतो. परंतु वय वाढणे आणि 'बिल्डुंग' होणे या गोष्टी एक नव्हेत.

'बिल्ड' म्हणजे प्रतिमा. आत्म्यात ईश्वराची प्रतिमा उमटते, या मध्ययुगीन जर्मन गूढवाद्यांच्या कल्पनेपर्यंत या शब्दाची मुळे पोहोचतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईश्वर मागे सरला आणि माणसाने आपल्या सर्व शक्तींचा मेळ घालून स्वतःला आकार द्यावा, हा अर्थ पुढे आला. मराठीत 'संस्कार' म्हणावे तर घडविणारा हात बाहेरचा ठरतो. 'विकास' म्हणावे तर हाताची गरजच उरत नाही. 'घडण' हा शब्द त्यातल्या त्यात बरा.

संज्ञेचे जनकत्व दीर्घकाळ विल्हेल्म डिल्टाय याला दिले जाई. ती त्याच्या कितीतरी आधी, १८१९ साली, कार्ल मॉर्गेनस्टर्न याने डॉरपाट येथील व्याख्यानात वापरली होती, हे फ्रिट्झ मार्टिनी याने १९६१ मध्ये निदर्शनास आणले. मॉर्गेनस्टर्नच्या मते अशी कादंबरी नायकाची घडण दाखविते आणि त्याबरोबरच वाचकाचीही घडण साधते. हा उत्तरार्ध इंग्रजीत जवळजवळ पोहोचलाच नाही.

या प्रकाराचा आदर्श म्हणून गटेची 'विल्हेल्म माइस्टरची उमेदवारीची वर्षे' (१७९५–९६) ही कादंबरी मानली जाते. कार्लाइलने १८२४ मध्ये ती इंग्रजीत आणली. तिचा नायक व्यापाऱ्याचा मुलगा आहे. सर्वांगीण घडणीचा अधिकार जर्मनीत सरदारालाच आहे, व्यापाऱ्याला लोक त्याच्यापाशी काय आहे एवढेच विचारतात, अशी त्याची तक्रार आहे. म्हणून तो रंगभूमीकडे वळतो. शेवटी एक गुप्त मंडळ, जे त्याच्यावर आरंभापासून नजर ठेवून होते, त्याच्या हाती उमेदवारी संपल्याचे पत्र देते. घडण आणि समाज यांचा समेट घडतो. तो जरा सुलभपणेच घडतो, असे मला वाटते.

आता डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'कडे (१८६०–६१) पाहावे. विल्हेल्मची उमेदवारी हे रूपक आहे. पिपची खरीखुरी आहे. लोहार ज्योच्या भट्टीवर तो करारबद्ध उमेदवार असतो आणि त्यासाठी मिस हॅविशॅमने पंचवीस गिनी मोजलेल्या असतात. सभ्य गृहस्थ होण्याची संधी येताच तो करारपत्र ज्योबरोबर आगीत टाकतो. एकाला पत्र मिळते, दुसरा ते जाळतो. पुढे त्याच्या सभ्यपणाचा खर्च एका हद्दपार कैद्याने चालविला असल्याचे उघड होते. ज्या घडणीचा पैसा असा आला, ती घडण नेमकी कोणाची? 'बिल्डुंग'चा मूळ अर्थ ध्यानात असेल तरच या प्रश्नाची धार कळते. केवळ 'तरुण होण्याची कथा' म्हणून वाचणाऱ्याला जाळलेले करारपत्र हा एक किरकोळ तपशील वाटेल.

मराठीत 'कोसला'च्या (१९६३) बाबतीत हाच घोळ होऊ शकतो. सैल इंग्रजी अर्थाने संज्ञा तिला सहज बसते. मूळ अर्थाने मात्र पांडुरंग सांगवीकर पुण्याहून गावी परततो तेव्हा त्याला पत्र देणारे मंडळ कुठेच नसते. आणि असते, तरी त्याने ते घेतले असते असे वाटत नाही.